मुंबईत राहून ऑनलाइन थेरपी सुरू करताय? पहिल्या मेसेजपासून पुढे काय काय करायचं ते सांगते

झोप धड लागत नाही, ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज पडला की पोटात गोळा येतो, घरी आल्यावर कोणाशी बोलावंसं वाटत नाही, बारीकसारीक गोष्टीवरून पोरांवर आवाज चढतो आणि मग रात्री त्याचंच वाईट वाटत राहतं. असं काहीतरी महिना-दोन महिने चाललंय, फार मोठं काही झालंय असं नाही पण बरं चाललंय असंही नाही, आणि कोणीतरी म्हणालं की अगं एकदा ऑनलाइन थेरपिस्टशी बोलून बघ. इथपर्यंत खूप जण येतात आणि इथेच अडकतात, कारण पुढे नक्की काय करायचं, कोणाला मेसेज करायचा, किती पैसे लागतील, घरात एवढी माणसं असताना बोलायचं कुठे, हे कोणी नीट बसवून सांगत नाही.

मी स्वतः ऑनलाइन थेरपी घेतलीय, घरातल्या आणि ऑफिसमधल्या काही जणांना सुरू करून दिलीय, आणि त्यावरून माझं ठाम मत झालंय की थेरपिस्ट कितीही हुशार असू दे, तुम्हाला मोकळं बोलता येत नसेल तर काही होत नाही. म्हणून माणूस निवडताना, भाषा ठरवताना, जागा शोधताना, वेळ घेताना प्रत्येक वेळी स्वतःला एकच विचारायचं, इथे मला खरं बोलता येईल का? खाली जे लिहिलंय ते सगळं त्याच्यासाठीच आहे.

सगळ्यात आधी हे बघा

रोजचा ताण, चिडचिड, नात्यातली कुरबुर, कामाचं टेन्शन, परीक्षेची भीती, कोणीतरी गेल्याचं दुःख, साधी ते मध्यम स्वरूपाची चिंता किंवा उदासी, याला ऑनलाइन थेरपी छान चालते. पण जीव द्यावासा वाटतोय, स्वतःला इजा करावीशी वाटतेय, कोणी नसताना आवाज ऐकू येतायत, दिवसच्या दिवस झोप न घेता अंगात प्रचंड जोर आलाय आणि पैसे उधळले जातायत, किंवा रोज दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केलीय आणि हातपाय थरथरतायत, अशा वेळी पुढच्या गुरुवारच्या व्हिडिओ कॉलची वाट बघायची नाही. जवळच्या हॉस्पिटलमध्ये जायचं, जीवाला धोका असेल तर ११२ ला फोन करायचा, आणि लगेच कोणाशी तरी बोलायचं असेल तर टेली मानस आहे, नंबर १४४१६. ही केंद्र सरकारची फुकट सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. आणि हा नंबर फक्त संकटासाठी आहे असं समजू नका, नुसतं खूप घाबरायला होतंय किंवा मला कोणाकडे जायला हवं हे कळत नाहीये असं असलं तरी तिथे फोन करता येतो. नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, रात्री अडीच वाजता शोधत बसायला सुचत नाही.

अजून एक गोष्ट जी बरेच जण विसरतात. सारखा थकवा, कशात मन न लागणं, छातीत धडधड, यामागे थायरॉइड, रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता असंही काही असू शकतं. आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरला एकदा दाखवून रक्त तपासून घ्या. थेरपी बाजूने चालू ठेवा हवी तर, पण हे राहून जाऊ देऊ नका.

कोण कोण असतं आणि तुम्हाला कोण हवंय

सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, हे एमबीबीएस करून पुढे एमडी, डीपीएम किंवा डीएनबी केलेले डॉक्टर, औषध लिहून देतात ते हेच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतात, औषध देत नाहीत, पण एमए नंतर एमफिलसारखं खास प्रशिक्षण घेतलेलं असतं आणि त्यांची रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते. हा नंबर त्यांना विचारायचा, यात काही उद्धटपणा नाही, चांगला माणूस स्वतःहून सांगतो, आणि तो आरसीआयच्या वेबसाइटवर तपासता येतो. तिसरे म्हणजे काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट किंवा समुपदेशक, यांचं साधारण मानसशास्त्रात किंवा समुपदेशनात एमए असतं. आरसीआयची नोंदणी यांच्याकडे असेलच असं नाही आणि म्हणून ते वाईट असंही नाही, रोजच्या अडचणींसाठी यांच्यातले अनेक जण फार छान काम करतात, फक्त शिक्षण कुठलं, किती वर्षं काम करताय, तुम्ही स्वतः कोणा सीनियरकडून सुपरव्हिजन म्हणजे आपल्या कामावर मार्गदर्शन घेता का, हे तीन प्रश्न जरूर विचारा.

आणि मग इन्स्टावर भेटतात ते लाइफ कोच, हीलर, माइंडसेट एक्स्पर्ट, दोन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट लावलेले. माझा सरळ सल्ला आहे, तिकडे जाऊ नका. 'तीन सेशनमध्ये एन्झायटी कायमची बंद' असं कोणी लिहिलं असेल तर तो माणूस तुमच्या त्रासाबद्दल खरं बोलत नाहीये, एवढं पुरेसं आहे पुढे स्क्रोल करायला.

शोधायचं कुठे? ओळखीतून कोणी सुचवलं तर बरंच, पण तुमच्या बहिणीची थेरपिस्ट तुम्हीही घेऊ नका, दोघींनाही मग हात राखून बोलावं लागतं. ठाण्याची आयपीएच म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था १९९० पासून मराठीत या विषयावर काम करतेय. देवनारच्या टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या संस्थेची आयकॉल सेवा २०१२ साली सुरू झाली, तिथे फोनवर आणि लिहूनही प्रशिक्षित समुपदेशकांशी बोलता येतं. तुमच्या कंपनीच्या एचआरकडे कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय आहे का ते बघा, बऱ्याच मोठ्या कंपन्यांमध्ये ठराविक सेशन फुकट असतात आणि मेलच्या ढिगात ती माहिती दबलेली असते. कोण बोलायला गेलं हे कंपनीला कळतं का, हे मात्र सुरू करण्याआधी त्या सेवेलाच विचारून घ्या.

भाषेचं म्हणाल तर, ज्या भाषेत तुम्ही घरी भांडता त्या भाषेतला थेरपिस्ट बघा. ऑफिसात इंग्रजी फाडफाड बोलणारे लोकसुद्धा सासूबद्दल किंवा वडिलांबद्दल सांगताना इंग्रजीत एकदम सभ्य होऊन जातात आणि खरं ते आतच राहतं.

पहिला मेसेज

इथे लोक आठवडे घालवतात, टाइप करतात आणि खोडतात. सगळी कहाणी लिहायची गरज नसते. असं काहीतरी पाठवलं तरी चालतं:

'नमस्कार, मी ३४ वर्षांची आहे, कांदिवलीला राहते, नोकरी करते. गेले दोन महिने झोप लागत नाही आणि कामाचं खूप टेन्शन येतं. मराठीत बोलायला आवडेल. संध्याकाळी आठनंतर किंवा शनिवारी तुमच्याकडे वेळ आहे का? एका सेशनची फी किती आणि ते किती वेळाचं असतं? आधी दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?'

बास. ज्यांना पाठवाल त्यांच्यातले एखाद-दोन जण उत्तरच देणार नाहीत, एखाद्याकडे महिनाभराचं वेटिंग असेल, म्हणून एकदम तीन-चार जणांना पाठवा आणि नकार मनाला लावून घेऊ नका. ती जी दहा मिनिटं फोनवर मिळतात त्यात तुमचा प्रॉब्लेम सुटणार नाहीये, फक्त एवढंच बघायचं की समोरचा माणूस ऐकून घेतोय का, मधेच तोडतोय का, आणि फोन ठेवल्यावर याच्याशी परत बोलायला चालेल असं वाटतंय का.

पैसे

मुंबईत खाजगी थेरपिस्टचं एक सेशन साधारण हजार ते अडीच हजारांच्या घरात पडतं, याच्यापेक्षा कमी घेणारेही आहेत आणि बरेच जास्त घेणारेही. आठवड्याला एक म्हटलं तर महिन्याला चार, हे घरभाड्याच्या आणि लोकलच्या पासाच्या शेजारी बसवून बघा. परवडत नसेल तर तसं सांगा, बऱ्याच जणांकडे उत्पन्नाप्रमाणे कमी फी घेण्याची सोय असते आणि ती विचारल्याशिवाय कळत नाही. दर पंधरा दिवसांनी एक सेशन असंही चालतं. पंचवीस सेशनचं पॅकेज पहिल्याच दिवशी घ्या म्हणून कोणी मागे लागलं तर घेऊ नका, आधी तीन-चार एकेकटी करून बघा.

अगदीच हात आखडता असेल तर केईएम, सायन, नायर, जेजे या हॉस्पिटल्समध्ये मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. सकाळी जाऊन रांगेत उभं राहावं लागतं, गर्दी असते, पण केसपेपर किरकोळ पैशात निघतो आणि डॉक्टर अनुभवी असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारासारखेच कव्हर करायला सांगितलंय, पण बहुतेक पॉलिसी हॉस्पिटलमध्ये भरती झाल्यावरचा खर्च देतात, त्यामुळे थेरपीच्या फीसाठी तुमच्या पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे का ते वाचा.

सेशन रद्द करायचं असेल तर किती तास आधी कळवायचं हे पहिल्यांदाच विचारून घ्या, बहुतेकांचा चोवीस तासांचा नियम असतो आणि नंतर पूर्ण फी द्यावी लागते. ट्रेन बंद पडली, ऑफिसात अडकलो तर काय, हेही विचारा, जुलैमध्ये उपयोगी पडतं.

जागा, म्हणजे मुंबईतला खरा प्रश्न

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त लोक इथे गळतात. वन रूम किचनमध्ये पाच माणसं, बाहेर सासरे टीव्ही बघतायत, आत मुलगी अभ्यास करतेय, आणि तुम्हाला तासभर आतलं बोलायचंय. इअरफोन लावला की झालं असं वाटतं, पण इअरफोनने थेरपिस्टचं बोलणं लपतं, तुमचं नाही. मग माणूस आपोआप 'हो', 'नाही', 'तसंच काहीतरी' एवढंच बोलायला लागतो आणि चार सेशननंतर म्हणतो की याचा काही उपयोग नाही.

माझी मावसबहीण नालासोपाऱ्याला राहते, तिने गच्ची धरली. वॉचमनकडून चावी घ्यायची, एका बाजूला टाकीची सावली पडते तिथे प्लास्टिकची खुर्ची टाकायची, मोबाइल पाण्याच्या पाइपाला टेकवून ठेवायचा. संध्याकाळी सातला पाण्याची मोटर सुरू व्हायची आणि काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही, म्हणून तिने सेशनची वेळच आठची मागून घेतली. पावसाळा लागल्यावर गच्ची बंद, तेव्हा तिने थेरपिस्टला विचारून व्हिडिओऐवजी नुसत्या आवाजावर घेतलं आणि छत्री घेऊन सोसायटीच्या कंपाउंडमध्ये फेऱ्या मारत बोलायची. तिचं म्हणणं की चेहरा दिसत नसल्यामुळे आईबद्दलचं जे ती व्हिडिओवर कधीच बोलली नव्हती ते तिथे बोलली.

तर अशी जागा शोधावी लागते. सोसायटीत उभी असलेली गाडी, काचा वर करून. लंच टाइमला ऑफिसची रिकामी मीटिंग रूम, पण तिथे ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा मेल आयडी आणि ऑफिसचं कॅलेंडर वापरायचं नाही, त्यावर कोणाकोणाची नजर असते आपल्याला माहीत नसतं. एकट्या राहणाऱ्या मैत्रिणीचा फ्लॅट, ती ऑफिसला गेलेली असताना. दुपारी अडीच-तीनला घरातले झोपतात ती वेळ. दाराबाहेर टेबलफॅन लावून ठेवला तर आतलं बोलणं बरंच दबतं, हे नक्की करून बघा. शिवाजी पार्कला किंवा जवळच्या बागेत चालत चालत बोलणारेही मी बघितलेत, फक्त मी बाहेर आहे हे थेरपिस्टला आधी सांगायचं. लोकलमध्ये मात्र घेऊ नका. नेटवर्क मधेच जातं, शेजारचीचे कान आपल्याकडेच असतात, आणि रडू आलं तर कुठे जाणार? काहीच जमत नसेल तर काही ठिकाणी चॅटवर लिहून सेशन होतात, ते बोलण्याएवढं खोल जात नाही असं मला वाटतं, पण सुरुवात म्हणून चालतं.

घरच्यांना सांगायचं की नाही? ज्याच्या त्याच्या घरावर आहे. पण दर आठवड्याला 'ऑफिसचा कॉल आहे' असं खोटं बोलणं हाच एक नवा ताण होऊन बसतो, त्यापेक्षा 'झोपेचा त्रास आहे म्हणून एका डॉक्टरबाईंशी बोलते, पाऊण तास कोणी आत येऊ नका' एवढं सांगितलं तर बऱ्याच घरांत निभतं. ज्यांच्याकडे नाही निभत त्यांनी व्हॉट्सअॅपचा मेसेज स्क्रीनवर दिसणं बंद करावं आणि पैसे जॉइंट अकाउंटवरून पाठवू नयेत, यूपीआयमध्ये समोरच्याचं नाव दिसतं.

घरात मारहाण होत असेल किंवा तुमचा फोन कोणी तपासत असेल तर हे पहिल्याच बोलण्यात थेरपिस्टला सांगा. खोलीत कोणी आलं की काय बोलायचं याचा एक शब्द ठरवून ठेवता येतो, म्हणजे 'ती रेसिपी पाठवते' म्हटलं की त्यांना कळतं आणि ते विषय बदलतात. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन नंबरही आहे.

पहिलं सेशन

पाच मिनिटं आधी बसा, पाणी घ्या, रुमाल घ्या, फोन चार्ज करून ठेवा, वायफाय गेलं तर मोबाइल डेटा चालू आहे ना बघा. कॉल तुटला तर कोण कोणाला लावणार हे सुरुवातीलाच ठरवा. थेरपिस्ट तुम्हाला तुम्ही आत्ता कुठे आहात ते आणि जवळच्या एका माणसाचा नंबर विचारतील, यात घाबरण्यासारखं काही नाही, ते तुमच्यासमोर बसलेले नाहीत त्यामुळे कधी काही झालंच तर मदत कुठे पाठवायची हे त्यांना माहीत हवं.

मग खूप प्रश्न येतील. झोप, भूक, घरी कोण कोण, आधी कधी असं झालं होतं का, कुठली औषधं चालू आहेत का, दारू-सिगारेट. कदाचित एक छोटी प्रश्नावली भरायला देतील, उदासीसाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ किंवा चिंतेसाठी सात प्रश्नांची जीएडी-७, दोन्हीत गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं ते विचारलेलं असतं. त्यात बरं दिसावं म्हणून कमी मार्क देऊ नका आणि पीएचक्यू-९ मधला शेवटचा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल असतो, तिथे खरं तेच लिहा. तो आकडा म्हणजे निदान नव्हे, पण दोन महिन्यांनी परत भरल्यावर फरक पडलाय का ते दिसतं.

पहिल्या सेशननंतर हलकं वाटेल असं धरून चालू नका. बऱ्याच जणांना उलट थकवा येतो, डोकं जड होतं, त्या रात्री जुनं काहीतरी आठवत राहतं. म्हणून सेशन संपल्याबरोबर ऑफिसची मीटिंग किंवा कुकर लावायचं काम ठेवू नका, पंधरा मिनिटं तरी मोकळी ठेवा, खाली एक चक्कर मारून या.

आणि हे नक्की विचारा की मी सांगितलेलं कुठे जातं. तुम्ही बोललेलं गुप्त ठेवणं हे त्यांचं काम आहे आणि २०१७ च्या कायद्यातही तसा हक्क दिलाय. अपवाद असतात, तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जीवाला धोका असेल तेव्हा, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर पोक्सो कायद्याखाली ते कळवावंच लागतं. अॅपवरून घेत असाल तर चॅट कुठे साठतात, अकाउंट बंद केलं की पुसले जातात का, सेशन रेकॉर्ड होतं का, हे विचारा. रेकॉर्डिंग तुम्हाला न विचारता होता कामा नये. तुम्ही १८ च्या आतले असाल तर आईवडिलांची संमती लागते, पण त्यांना किती सांगायचं हे थेरपिस्टशी बोलून ठरवता येतं.

मधली सेशन्स, म्हणजे खरं काम

थेरपीत नुसतं मन मोकळं करायचं असतं असं खूप जणांना वाटतं. मोकळं करणं हवंच, पण पुढे काम असतं. एक उदाहरण सविस्तर सांगते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आरईबीटी म्हणजे रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी नावाची पद्धत आपल्याकडे बऱ्यापैकी वापरतात, महाराष्ट्रात ती मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी मराठीतून पोचवली. तिचं म्हणणं असं की घटना आणि आपला त्रास यांच्या मधे आपला एक विचार बसलेला असतो, आणि काम करायचं ते त्या विचारावर.

समजा रात्री नऊ दहाला तुम्ही नुकतेच डोंबिवलीला उतरलाय, रिक्षाच्या रांगेत उभे आहात आणि साहेबांचा मेसेज येतो, 'उद्या सकाळी बोलू.' झालं. छातीत धडधड, जेवण गेलं नाही, रात्री तीनदा फोन बघितला. गुरुवारी तुम्ही थेरपिस्टला सांगता की साहेबांच्या मेसेजमुळे माझी रात्र गेली. ते विचारतात, मेसेज वाचला त्याच क्षणी डोक्यात काय आलं? तुम्ही म्हणता, काही नाही, टेन्शन. ते परत विचारतात, टेन्शन कशाचं, वाक्य सांगा. मग बऱ्याच वेळाने वाक्य बाहेर येतं की मला काढणार. मग पुढचा प्रश्न, मागे ते असं म्हणाले होते तेव्हा काय झालं होतं? आठवून बघता तर एकदा सुट्टीचं शेड्यूल होतं, एकदा क्लायंटची फाइल. आणि समजा खरंच काढलं, तर? इथे माणूस गप्प होतो, कारण या 'तर' च्या पुढे त्याने कधी विचारच केलेला नसतो, हप्ता, मुलाची फी, गावी आईला काय सांगू, हे सगळं एका ढिगात पडलेलं असतं. तो ढीग तिथे बसून एकेक करून उपसायचा. हप्त्याचे किती महिने निघतील, कोणाला फोन करता येईल, आईला नक्की काय वाटेल. भीती लगेच जात नाही, पण तिला आकार येतो.

मग घरी करायला काम मिळतं. पुढच्या वेळी असा मेसेज आला की फोनच्या नोट्समध्ये तीन ओळी लिहायच्या, काय झालं, मी स्वतःला काय म्हणालो, अंगात काय झालं. आणि एक छोटी कृती, साहेबांना उत्तर द्यायचं, 'हो सर, कशाबद्दल आहे?' हे वाचायला किती सोपं वाटतं, पण ज्याला करायचंय त्याचे हात थरथरतात हे मी डोळ्यांनी बघितलंय.

हे घरचं काम झालं नाही तर सेशन रद्द करू नका. खूप लोक याच लाजेने दांडी मारतात, शाळेत गृहपाठ न केल्यासारखं. का नाही झालं हेच त्या दिवशी बोलायचं असतं, आणि बहुतेक वेळा तिथेच काहीतरी महत्त्वाचं सापडतं.

सेशनच्या आधी दोन मिनिटं आज मला काय बोलायचंय ते एका ओळीत लिहून ठेवा, नाहीतर पंचेचाळीस मिनिटांतली तीस आठवडाभराच्या बातम्या सांगण्यात जातात आणि खरी गोष्ट 'बरं, वेळ झाली' म्हटल्यावर तोंडातून निघते.

पटत नसेल तर

सरळ सांगा. हे लिहिताना मला माहितेय की आपल्याला हे किती जड जातं, डॉक्टरांना उलट बोलायचं नाही असंच आपण शिकलोय. म्हणून माणसं न सांगता गायब होतात आणि वर्षभर परत कोणाकडे जात नाहीत. 'मागच्या वेळी तुम्ही नवऱ्याची बाजू समजून घे म्हणालात ते मला लागलं', 'मला नुसतं ऐकून घेताय असं वाटतंय, पुढे काय करायचं ते कळत नाहीये', असं बोलून बघा. चांगला थेरपिस्ट चिडत नाही, उलट तिथून पुढचं काम चांगलं होतं. तीन-चार सेशननंतरही जमत नसेल तर बदला, आणि दुसरं कोणी सुचवाल का असं त्यांनाच विचारा.

पण काही गोष्टींवर बोलत बसायचं नाही, थेट थांबवायचं. तुमच्यावर ओरडतात, जातीवरून, धर्मावरून, लग्न न केल्यावरून, तुम्ही गे आहात म्हणून सुनावतात, ते 'बरं' करून देतो म्हणतात, स्वतःच्याच अडचणी सांगत बसतात, उसने पैसे मागतात, कॉलच्या बाहेर भेटूया म्हणतात, लैंगिक काही बोलतात, व्रत किंवा ग्रहांची शांत करायला सांगतात. यातलं काहीही झालं तर तुमचं काही चुकलेलं नाही, कॉल बंद करा, मेसेज सांभाळून ठेवा, जिथे नोंदणी आहे तिथे किंवा त्या अॅपकडे तक्रार करा.

औषधं

थेरपिस्टने सायकियाट्रिस्टना दाखवा म्हटलं तर हातपाय गाळू नका, त्याचा अर्थ एवढाच की झोप, भूक इतकी बिघडलीय की बोलण्याचं काम करायला सुद्धा अंगात ताकद उरलेली नाही. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले तेव्हापासून सायकियाट्रिस्ट व्हिडिओवरही तपासतात, काही औषधं मात्र ऑनलाइन लिहून देता येत नाहीत, त्यासाठी जावं लागतं. उदासीवरच्या बऱ्याच गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पाचव्या दिवशी 'काहीच होत नाही' म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःहून एकदम बंद तर अजिबात करू नका, डॉक्टरना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात. शेजारणीला लागू पडलेली झोपेची गोळी घेऊ नका. सायकियाट्रिस्ट आणि थेरपिस्ट दोघांनाही एकमेकांबद्दल सांगा, हवं तर त्यांना आपसात बोलायची परवानगी द्या.

किती दिवस चालायचं

सुरुवातीलाच विचारा की आपण कशासाठी काम करतोय आणि मला बरं वाटतंय हे कशावरून कळेल. 'खुश व्हायचंय' असं धूसर ठेवू नका, रात्री बाराच्या आत झोप लागणं, रविवारी संध्याकाळी पोटात कळ न येणं, मुलावर आठवड्यात एकदाही हात न उगारणं, असं काहीतरी धरा जे तुम्हाला स्वतःला तपासता येईल. ठराविक अडचणीसाठी काही जणांना आठ-दहा सेशन पुरतात, ज्यांचं जुनं आणि खोल आहे त्यांना वर्ष लागतं. दीड-दोन महिन्यांनी थांबून दोघांनी मिळून बघायचं, फरक पडला का, कुठे अडलंय. मधे एखादा आठवडा परत वाईट जाणारच, गणपतीत गावी जाऊन आल्यावर नाहीतर अप्रेझलच्या महिन्यात हमखास, त्यावरून सगळं वाया गेलं असं ठरवू नका.

बरं वाटायला लागलं की एकदम बंद न करता आठवड्याचं पंधरा दिवसांवर आणा, मग महिन्यावर. शेवटच्या सेशनमध्ये थेरपिस्टबरोबर बसून एक पान लिहून घ्या, परत घसरायला लागलं की माझ्यात आधी काय दिसतं, झोप जाते का फोन उचलणं बंद होतं, तेव्हा मी स्वतः काय करायचं, आणि घरातलं किंवा मित्रांतलं कोण माझ्याकडे लक्ष ठेवेल. त्या माणसाला तो कागद दाखवून ठेवा. आणि सहा महिन्यांनी गरज वाटलीच तर त्याच थेरपिस्टना मेसेज करून एक-दोन सेशन घेता येतात, तुमची माहिती त्यांच्याकडे असते, पहिल्यापासून सगळं सांगावं लागत नाही.